पहिल्या पावसाचं काळं पाणी जातं कुठे? इरई, झरपट आणि पाईप नसलेलं प्रदूषण

एटापल्ली-भामरागडकडच्या श्रोत्यांची नेहमीची तक्रार असते की एपिसोड अर्धा लोड होतो आणि रेंज जाते. त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त माझे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जरा छाटलेत.

आजचा विषय साधा वाटेल. नदी घाण कोण करतं, असं कोणालाही विचारा. बोट लगेच एखाद्या पाईपकडे जातं. कारखान्याचा पाईप, नाहीतर गटाराचा. पाईप दिसतो, त्याचा फोटो काढता येतो, त्याच्या मालकाला नोटीस देता येते. पण चंद्रपुरात जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर दाताळ्याच्या पुलावर उभं राहून इरईकडे बघा. नदीचा रंग एका रात्रीत बदललेला असतो आणि पाईप एकही नसतो. ती घाण रस्त्यावरून, छतांवरून, कोळशाच्या साठ्यांवरून, मातीच्या ढिगाऱ्यांवरून, शेतांतून, सगळीकडून थोडी थोडी आलेली असते. कोणा एकाची नाही, म्हणून कोणाचीच नाही. अमेरिकेनेही १९७२ च्या कायद्याने आधी पाईप धरले. पावसाच्या पाण्याला परवान्याच्या चौकटीत आणायला त्यांना १९८७ साल उजाडलं. तेव्हा आपण मागे आहोत याचं मला फार आश्चर्य वाटत नाही.

आधी थोडं गणित करू, मी इंजिनिअर आहे, मला राहवत नाही. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर १ लिटर पाणी होतं. तुमच्या घराचं छत १,००० चौरस फूट असेल तर ते झालं साधारण ९३ चौरस मीटर. एका संध्याकाळी २५ मिलिमीटर पाऊस झाला की एकट्या छतावरून २,३०० लिटर पाणी खाली येतं. आपल्याकडे वर्षाला साधारण १,२०० मिलिमीटर पाऊस धरा, म्हणजे एका छतावरून १ लाख १० हजार लिटर. दहा हजाराचे अकरा टँकर! आणि हा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत.

हेच पाणी जंगलात पडलं तर? आधी पानांवर अडतं, मग पालापाचोळ्यावर, मग भुसभुशीत मातीत मुरतं. वाहून जाणारा भाग लहान असतो आणि तोही सावकाश निघतो. सिमेंट रस्त्यावर मात्र पडलेल्या पावसातला ८०-९० टक्के भाग लगेच पळतो आणि पळताना वाटेतलं सगळं सोबत घेतो.

वाटेत काय असतं? ऑक्टोबरपासून मेपर्यंतचा साठा. धूळ, शेण, कोळशाची भुकटी, ट्रकचं गळलेलं ऑइल, ब्रेकची झीज, टायरची झीज. आणि आपल्याकडचं खास, खर्र्याच्या पन्न्या. (हसू नका. कुठल्याही पानठेल्यासमोरची नाली उपसा आणि मोजा.) आठ महिने हे जमत राहतं आणि पहिला जोराचा पाऊस एका तासात सगळं नाल्यात ओततो. कोड लिहिणाऱ्यांना चटकन कळेल, लॉग बफर भरत राहतो आणि मग एकदम फ्लश होतो. इंग्रजीतही या पहिल्या पाण्याला 'फर्स्ट फ्लश' असंच म्हणतात. चौथ्या-पाचव्या पावसाचं पाणी बरंच स्वच्छ असतं, पहिल्याचं नाही.

टायरची झीज म्हटलं की लोक दुर्लक्ष करतात, म्हणून एक उदाहरण देतो. अमेरिकेत सिॲटलच्या आसपासच्या ओढ्यांत पाऊस पडला की कोहो सामन मासे अंडी घालायच्या आधीच मरायचे. वर्षानुवर्षं कारण कळत नव्हतं. २०२० मध्ये संशोधकांनी ते शोधलं. टायर टिकावं म्हणून रबरात घालतात ते एक रसायन, हवेतल्या ओझोनशी संयोग पावून त्याचं बनलेलं दुसरं रसायन, आणि ते पावसासोबत रस्त्यावरून ओढ्यात. कारखाना नाही, पाईप नाही, नुसता रस्ता. आणि आपल्या रस्त्यांवर तर रात्रंदिवस कोळशाचे ट्रक आहेत.

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. चंद्रपूर शहर दोन नद्यांच्या मध्ये वसलंय. पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट. झरपट महाकालीच्या देवळाजवळून जाते आणि शहराच्या दक्षिणेला इरईला मिळते. इरई हडस्तीजवळ वर्धेला मिळते. वर्धा पुढे चपराळा अभयारण्याजवळ वैनगंगेला मिळते, तिथून त्या नदीचं नाव प्राणहिता, आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. म्हणजे तुकुमच्या नालीत टाकलेली पन्नी चंद्रपूर जिल्हा ओलांडून गडचिरोलीच्या दक्षिण टोकापर्यंत जाऊ शकते, तिकीट न काढता. सिरोंच्याच्या श्रोत्यांनो, हा एपिसोड तुमचाही आहे.

इरईची एक गंमत आहे, खरं तर दुखणं आहे. शहराच्या वर इरई धरण आहे. मोहर्लीकडे, ताडोब्याच्या कडेला त्याचं बॅकवॉटर पसरलंय. शहराचं पिण्याचं पाणी आणि ऊर्जानगरच्या २,९२० मेगावॅटच्या वीज केंद्राचं पाणी तिथूनच येतं. त्यामुळे नळाचं पाणी येतं वरून आणि घाण मिसळते खाली. शहरातल्या माणसाला नळावर काही जाणवतच नाही! जाणवतं ते खालच्या गावांना, नदीत जनावरं पाजणाऱ्यांना, मासे धरणाऱ्यांना. धरणाच्या खाली उन्हाळ्यात नदीला स्वतःचं पाणी फारसं उरत नाही, जे असतं त्यात नाल्यांचा वाटा मोठा. मग जूनमध्ये पहिलं पाणी येतं तेव्हा घाण पातळ करायला नदीत काही नसतंच.

आणि नेमका तोच काळ माशांचा असतो. पहिल्या पुराला मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, नाल्यांत आणि पाणी भरलेल्या बांध्यांत शिरून अंडी घालतात. ढिवर समाजातल्या कोणालाही विचारा, तो तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. म्हणजे वर्षातलं सगळ्यात घाण पाणी आणि वर्षातली सगळ्यात नाजूक वेळ एकाच आठवड्यात येतात. बारीक गाळ कल्ल्यांत अडकतो, अंड्यांवर बसतो, पाण्यात उजेड जात नाही. सोबत आलेली मैल्याची घाण कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाते. 'माती तर आहे, विष थोडीच आहे' असं लोक म्हणतात. अंड्याला काय फरक पडतो? त्याला श्वास घेता आला नाही एवढंच.

डोंगर जे नकाशात नव्हते

शहराबाहेरची गोष्ट इथून सुरू होते, आणि माझ्या मते खरा प्रश्न इथेच आहे.

खुल्या खाणीत कोळसा काढायचा तर वरची माती आणि दगड आधी काढून बाजूला टाकावे लागतात. त्याला ओव्हरबर्डन म्हणतात, आपल्याकडे लोक नुसतं ओबी म्हणतात. चंद्रपूरच्या आजूबाजूला जे सपाट माथ्याचे डोंगर दिसतात ना, ते देवाने केलेले नाहीत. विश्वास बसत नसेल तर गूगल अर्थचा टाइमलॅप्स उघडा, तो १९८४ पासूनची चित्रं दाखवतो. पद्मापूर-दुर्गापूरवर झूम करा आणि वर्ष पुढे सरकवा. हे मी शंभर वाक्यांत सांगितलं असतं तरी तेवढं पटलं नसतं.

यातले काही ढिगारे इरईच्या अगदी काठाला आहेत. सुट्या मातीचा उघडा उतार, त्यावर जुलैचा पाऊस. उतारावर घळी पडतात आणि माती नदीत. पात्र उथळ होतं. २००६, २०१३, २०२२, या वर्षांचे पूर चंद्रपूरकरांना लक्षात आहेत. रहमतनगर, पठाणपुरा भागातल्या लोकांना तर दिवसासकट. पुराचं एकमेव कारण हे ढिगारे आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. वर्धा फुगली की इरईचं पाणी मागे रेटलं जातं, धरणाचे दरवाजे उघडतात, पूररेषेत घरं झालीत, हे सगळं त्यात आहे. पण उथळ पात्रात कमी पाणी मावतं, हे समजायला पदवी लागत नाही.

यावर उपाय नाही असं नाही. उपाय जुनेच आहेत आणि पर्यावरण मंजुरीच्या अटींत सहसा लिहिलेले असतात. ढिगाऱ्याभोवती पाणी गोळा करणारी चर, म्हणजे गारलँड ड्रेन. पायथ्याला दगडी भिंत. उतारावर गवत आणि झाडं. आणि सगळं पाणी नदीआधी एका सेटलिंग टाकीत. कोळसा खाणीतून बाहेर सोडलेल्या पाण्यात तरंगता गाळ लिटरला १०० मिलिग्रॅमच्या वर नको, असा नियम आहे.

सेटलिंग टाकी म्हटलं की एक खड्डा, एवढंच डोळ्यासमोर येतं. पण तिचं काम वेळेवर चालतं. वाळूचा बारीक कण, ०.१ मिलिमीटरचा, स्थिर पाण्यात १ मीटर खाली बसायला साधारण २ मिनिटं घेतो. त्याच्या दहाव्या हिश्शाचा, ०.०१ मिलिमीटरचा गाळाचा कण? साडेतीन तास. त्याच्याही दहाव्या हिश्शाचा चिकणमातीचा कण जवळजवळ दोन आठवडे घेतो. कण दहापट लहान झाला की वेळ शंभरपट वाढतो, असा हिशोब आहे. म्हणून टाकीत पाणी किती वेळ थांबतं, हाच सगळा प्रश्न. आता समजा ती टाकी गेल्या वर्षीच्या गाळाने अर्धी भरलेली आहे आणि मे महिन्यात कोणी उपसली नाही. पाणी एका टोकाने आत येतं आणि काही मिनिटांत दुसऱ्या टोकाने बाहेर. कागदावर टाकी आहे, फोटोतही आहे, काम शून्य. चर आणि टाकी पावसाळ्याआधी उपसली का, हा एक प्रश्न मला दहा मोठ्या अहवालांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

राखेचं गणितही असंच. वीज केंद्राची राख पाण्यात कालवून पाईपने राखेच्या तलावात नेतात. राखेचे कण गाळासारखे बारीक, आणि त्यांत आर्सेनिक, शिसं, पारा असे घटक अल्प प्रमाणात असतात. तलाव ओसंडला, पाईप फुटला किंवा नुसती वाळलेली राख वाऱ्याने उडून रस्त्यावर-छतावर बसली, तरी पावसात तिची वाट नदीकडेच जाते. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने वीज केंद्रांना सगळी राख विटा, सिमेंट, रस्ते अशा कामांत वापरायला सांगितलंय. राख ट्रकमधून जाणार असेल तर ताडपत्री नीट बांधलीय का, हा पुन्हा पाण्याचाच प्रश्न होतो. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २००९ च्या यादीत चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथं होतं. तेव्हा सगळे हवेबद्दल बोलले. पण हवेतलं खाली बसतं आणि पावसात वाहतं, त्यामुळे ते आकडे मला एकाच गोष्टीचे वाटतात.

गडचिरोलीत रंग वेगळा आहे, लाल. सुरजागडच्या लोहखनिजाच्या खाणीला २०२३ मध्ये वर्षाला ३० लाखांवरून १ कोटी टन उत्खननाची मंजुरी मिळाली. पायथ्याच्या मलमपाडीच्या शेतांत लाल गाळ आल्याच्या बातम्या त्याआधीपासून येत होत्या. तिथे पोरांना काम मिळतंय, हेही खरं आहे, एटापल्लीचे श्रोते मला दोन्ही बाजूंनी मेसेज करतात. पण धानाच्या बांधीत गाळाचा थर बसला की रोप गुदमरतं, आणि ज्याची बांधी आहे तो खाणीत कामाला असेलच असं नाही.

गाळ उपसला, पण येतो कुठून?

शहरातला रामाळा तलाव गोंडकाळातला. नाल्याचं सांडपाणी आणि जलपर्णी यांनी त्याचं काय झालं होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. फेब्रुवारी २०२१ मध्ये इको-प्रोचे बंडू धोतरे त्यासाठी अन्नत्याग सत्याग्रहाला बसले, मग यंत्रणा हलली. हे आवश्यकच होतं. माझं म्हणणं एवढंच की उपसा हे अर्धं काम आहे. तलावाला मिळणारा नाला तसाच राहिला तर गाळ परत येतो, फक्त काही वर्षं लागतात. तलाव म्हणजे त्याच्यावरचं पाणलोट क्षेत्र, नुसता काठाच्या आतला भाग नव्हे.

आपल्या पूर्व विदर्भात हे आधी कळलेलं होतं. मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत ते हजारोंनी आहेत, आणि ते बांधण्यात कोहळी समाजाचं नाव सगळ्यात पुढे. जंगलाच्या उतारावर आधी छोटी बोडी, तिच्या खाली तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या. पाणी पायरीपायरीने उतरतं, प्रत्येक पायरीवर थांबतं आणि थांबलं की गाळ टाकतं. आत्ताच आपण ज्याचं गणित केलं ती सेटलिंग टाकीच ही, गावच्या आकाराची. उन्हाळ्यात शेतकरी तोच गाळ काढून शेतात टाकायचे. २०१७ पासून सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' नावाने तेच पुन्हा सुरू केलं. फक्त खाणीजवळचा किंवा शहराच्या नाल्याखालचा गाळ असेल तर आधी तपासून घ्या. त्यात काय आलंय हे नुसतं बघून कळत नाही.

आता नेहमीचा प्रश्न, 'भाऊ, आपण काय करायचं?' एका जागी राहणाऱ्या माणसाच्या हातात असलेल्याच गोष्टी सांगतो.

छताचं पाणी रस्त्यावर सोडू नका. शोषखड्ड्यात सोडा, किंवा निदान झाडांच्या आळ्यात. पाणी रस्त्यावर गेलंच नाही तर रस्त्यावरचं काही घेऊन जाणार नाही. फक्त पहिल्या पावसाचं छतावरचं पाणी विहिरीत किंवा बोअरमध्ये घालू नका, त्यात छतावरची राख आणि धूळ असते, ते बाजूला जाऊ द्या. घराचं बांधकाम चालू असेल तर रेतीचा ढीग रस्त्याच्या कडेला उघडा ठेवू नका. खालच्या बाजूला मातीने भरलेली चार पोती आडवी लावली तरी बराच फरक पडतो.

बाईकचं ऑइल बदललं की जुनं ऑइल कुठे जातं ते मेकॅनिकला विचारा. मागच्या नालीत, असं उत्तर आलं तर गॅरेज बदला. १ लिटर ऑइल १० लाख लिटर पाणी खराब करू शकतं, असा अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा नेहमी दिला जाणारा हिशोब आहे.

शेती असेल तर युरिया फेकायच्या आधी फोन बघा. हवामान खात्याचं मेघदूत ॲप मराठीत आहे आणि जिल्ह्याचा पुढच्या काही दिवसांचा अंदाज देतं. उद्या जोराचा पाऊस असेल तर आज टाकलेला युरिया परवा नाल्यात असतो, आणि पैसे तुमचे गेलेले असतात. कापसावरच्या फवारणीचंही तेच.

मोठ्या प्रकल्पांसाठी वेगळी वाट आहे आणि ती फोनवरूनच सुरू होते. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रत्येक प्रकल्पाला दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो. मंजुरीचं पत्र केंद्राच्या परिवेश पोर्टलवर शोधा, त्यात गारलँड ड्रेन, सेटलिंग टाकी हे शब्द असलेली अट कितव्या क्रमांकाची आहे ते टिपा. नदी, नाल्यात प्रदूषक टाकायला १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २४ ने बंदी आहे. 'नदी घाण झाली हो' अशी तक्रार फाइलमध्ये पडून राहते. 'अट क्रमांक अमुक, तारीख अमुक, हे फोटो' अशा तक्रारीला उत्तर द्यावं लागतं.

गडचिरोलीच्या ग्रामसभांकडे याहून मोठं हत्यार आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये पाणलोट क्षेत्र आणि पाण्याचे स्रोत जपण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलाय. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला तेव्हा सगळी चर्चा बांबूची झाली. पाण्याचं कलम तितकं वापरलं गेलेलं मला दिसत नाही. ग्रामसभेत बसणाऱ्या तरुण मंडळींनी ते एकदा वाचावं.

आणि शेवटी, पुरावा. प्रयोगशाळेची चाचणी महाग पडते, पण १ लिटरची पारदर्शक बाटली फुकट आहे. नाल्याचं पाणी भरा, सपाट जागी ठेवा, हलवू नका. लगेच एक फोटो, दोन तासांनी एक, दुसऱ्या दिवशी एक, तिन्ही एकाच पांढऱ्या कागदासमोर. दोन मिनिटांत तळाला बसलं ती वाळू. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ असेल तर ती चिकणमाती किंवा तसंच काही बारीक, आणि तिला साधी टाकी पुरत नाही. नाल्याची वरची बाजू आणि खालची बाजू अशा दोन बाटल्या भरल्या तर अजून चांगलं, कारण मग गाळ कुठे मिसळला ते दिसतं. बाटलीवर जागा, तारीख, वेळ आणि आदल्या दिवशी पाऊस किती होता ते लिहा, फोटोत लोकेशन चालू ठेवा. खाणीच्या हद्दीत शिरू नका, पुलावर पाणी असेल तर काठावर जाऊ नका, दुसऱ्या दिवशी भरलेली बाटलीही चालते. जूनच्या पहिल्या आठवड्यातले फोटो सगळ्यात कामाचे, ते मला पाठवा. इरई, झरपट, कठाणी, कुठलाही नाला चालेल, मी ते एका नकाशावर टाकतोय.